दुसरा सापडला का?

लॅबमध्ये बुरशी वाढवायची म्हणजे किती लाड! तिला ठरावीक तापमान हवं, ठरावीक खाणं हवं, आणि एवढं करून तिचा मूड नसला की ती वाढत नाही ती नाहीच. किस्से मात्र कसलेही लाड न करता वाढतात. एका पावसाळ्याचे विसरावे तोवर दुसऱ्याचे तयार. कोणी घरी जेवायला आलं की मी एखादा सांगते, मग दुसरा आठवतो, आणि आमटी गार होते.

आधी माणसं सांगते. रत्नागिरीत आम्ही झाडांच्या रोगांवर काम करतो. आम्ही म्हणजे मी, जोगळेकर सर आणि आमची जीप चालवणारे दिलावरभाई. विषय सुपारीचा कोळेरोग. भर पावसात सुपारीची कोवळी फळं कुजतात, त्यांच्यावर पांढरी लव येते आणि झाडाखाली सडा पडतो. हातातोंडाशी आलेली बाग बघता बघता रिकामी होते. गावोगावच्या बागांतून आम्ही कुजकी फळं गोळा करतो, त्यातला रोगाचा जीव वेगळा काढतो आणि त्याचा डीएनए बघतो. सगळीकडे एकच जात आहे, की वेगवेगळ्या आहेत? कुठून कुठे गेल्या?

आता जोगळेकर सर. माणूस विद्वान, मनाने साधा, पण काळजीखोर! ऊन पडलं तर रोग मिळणार नाही याची काळजी, पाऊस पडला तर रोग पसरेल याची काळजी. एकदा सकाळपासून ते शांत बसले होते, तर दिलावरभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, सरांची तब्येत बघा जरा. आज कायच टेन्शन घेत नाहीत!"

*

वेळणेश्वरच्या बाजूला एक बाग होती. मालकांनी फोनवर सांगितलं होतं, "या, या. यंदा कोळेरोग भरपूर." सर खूश. त्या बाजूचा एकही नमुना आमच्याकडे नव्हता आणि पावसाळा संपत आला होता. आणखी चार दिवस उघडीप पडली असती तर तो जीव वाळून गेला असता आणि आमचं वर्ष फुकट.

सकाळी निघालो. वाटेत दोनदा दरड बाजूला होईपर्यंत थांबलो. सर सारखे ढगांकडे बघत होते. पोचलो तेव्हा मालक अंगणात उभे. स्वच्छ शर्ट, केस विंचरलेले. आम्हाला थेट बागेत घेऊन गेले.

बाग कशी? आरशासारखी! खाली एक फळ नाही. पाचोळासुद्धा नाही. वर बघितलं तर घडांमधली कुजकी फळंसुद्धा काढलेली.

सर म्हणाले, "अहो, रोग कुठाय?"

मालक अभिमानाने म्हणाले, "तुम्ही येणार म्हणून कालच माणूस झाडावर चढवला! सगळां काढलां, सगळां जाळलां. रत्नागिरीहून साहेब येणार, त्यांना काय घाण दाखवायची?"

सरांनी हताशपणे विचारलं, "एकही फळ राहिलं नाही?"

"एकही नाय!" मालक म्हणाले. "तुम्ही शोधून दाखवा!"

आम्ही दुपारपर्यंत शोधत होतो. मालक मागून फिरत होते आणि आम्हाला काही मिळालं नाही की त्यांचा चेहरा आणखी खुलत होता. शेवटी गोठ्यामागे एक कुजकं फळ सापडलं. सर लहान मुलासारखे ओरडले, "मिळालं!"

मालकांचा चेहरा असा पडला, की आम्हालाच अपराधी वाटलं. त्यांनी घराकडे वळून हाक मारली, "अगो, चहात आलं घालू नको. नापास झालो!"

*

जमिनीत रोग आहे की नाही हे ओळखायची एक जुनी युक्ती आहे. बागेतली माती पाण्यात कालवायची आणि वर गुलाबाच्या पाकळ्या सोडायच्या. मातीत तो जीव असला तर तो पोहत येऊन पाकळीला धरतो आणि पाकळीचा रंग उडतो.

म्हणजे आम्हाला रोज गुलाब लागणार. ताजे लागणार, आणि फवारणी न केलेले. एका देवळाबाहेर फुलं विकणाऱ्या मावशी होत्या, त्यांच्या परसात गावठी गुलाब होते. सर रोज सकाळी स्कूटर थांबवून घ्यायचे. एकेक फूल नाकापर्यंत नेऊन तपासायचे, डाग असला तर परत द्यायचे. मावशींनी एकदा विचारलं, "देवाला काय?" सर प्रामाणिकपणे म्हणाले, "नाही, नाही. ऑफिसात."

रत्नागिरी ती केवढी! आठवड्याभरात सगळ्यांना माहीत झालं की जोगळेकर या वयात रोज गुलाब घेऊन ऑफिसला जातात. पुतण्याने घरी विषय काढला, शेजारीण काहीतरी म्हणाली. आणि एका दुपारी सरांच्या मिसेस लॅबच्या दारात उभ्या!

मी गडबडले. लॅबमध्ये बाईमाणूस मी एकटीच. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मी इतकी घाबरले, की हातातला चिमटा तसाच धरून म्हणाले, "वहिनी, गुलाब तिकडे आहेत."

वहिनी तिकडे गेल्या. टेबलावर ओळीने चिखलाची भांडी. प्रत्येक भांड्यात गढूळ पाणी आणि त्यावर सरांनी निवडून आणलेल्या गुलाबाच्या पाकळ्या. त्यांनी सगळी भांडी बघितली. सर भिंगातून पाकळी बघण्यात इतके गर्क, की बायको आलीय हेच त्यांना कळलं नव्हतं.

वहिनींनी एका भांड्यातल्या चिखलात बोट बुडवून बघितलं. मग म्हणाल्या, "मला वाटलं कोणाला तरी देतायत. चिखलाला देतात हे बघून जास्त वाईट वाटलं!"

*

या कामात आमच्या डोक्यावर कायम एक तलवार टांगलेली असते. या जीवाचे दोन प्रकार असतात. समजा पहिला आणि दुसरा. एका भागात एकच प्रकार असेल तर तो आपल्याच नकला काढत राहतो. त्रास देतो, पण त्याची ओळख पटलेली असते, त्याच्यावर औषध चालतं. दोन्ही एकत्र आले तर मात्र त्यांचं मीलन होतं, नव्या जाती तयार होतात, आणि जाड कवचाचे बीजाणू वर्षानुवर्षं मातीत पडून राहतात. मग मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारा नाहीतर आणखी काही, उपयोग नाही. आमच्या सगळ्या नमुन्यांत तेव्हापर्यंत पहिलाच मिळत होता. सर रोज एकच प्रश्न विचारायचे, "दुसरा सापडला का?" आणि मी "नाही" म्हटलं की खुर्चीत टेकायचे.

एकदा मी एसटीने गावाहून येत होते. गाडीत गर्दी, खिडक्या बंद, बाहेर पाऊस. सरांचा फोन आला. आवाज नीट येत नव्हता म्हणून मला ओरडून बोलावं लागत होतं.

"नाही सर, दुसरा नाही सापडला! पहिलाच आहे!... हो, पहिल्याबरोबर ठेवून बघितलं!... रात्रभर ठेवलं एकत्र, काही झालं नाही!"

शेजारच्या काकींनी मांडीवरची पिशवी आवळून धरली.

"नाही, नाही, दुसरा आलाच तर लपवून नाही ठेवणार!... मला पण तीच भीती आहे सर, एकदा पोरं झाली की मग कोणाला आवरणार नाहीत!"

गाडीत इतकी शांतता पसरली, की कंडक्टरची घंटी मोठी वाटायला लागली. मी फोन ठेवला आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. आता काय सांगणार? बुरशी म्हणाले असते तर कोणाला पटलं असतं?

मांडवीच्या स्टॉपवर काकी उठल्या. उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाल्या, "गो बाय, साहेबाला एवढां सांगायची काय गरज? तुझां तू बघ!"

*

वादळाच्या आठवड्यात वीज गेली. जनरेटर दुपारपर्यंत चालला आणि बंद पडला. जिवंत नमुने सगळे गार ठेवणाऱ्या कपाटात, आणि ते कपाटच तापायला लागलं. दोन पावसाळ्यांचं काम! सर येरझाऱ्या घालत होते. त्यांच्या कपाळावरचा घाम बघून मला नमुन्यांपेक्षा त्यांचीच काळजी वाटायला लागली.

मग त्यांना सुचलं, विहीर. त्यांच्या घरामागे शेजाऱ्यांच्या आणि त्यांच्या सामाईक मालकीची खोल विहीर आहे, आत कायम गारवा. आम्ही नळ्यांना घट्ट बुचं लावली, त्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरल्या, डबा बादलीत ठेवला आणि बादली पाण्याच्या जरा वर राहील अशी दोराने बांधून ठेवली. सर काठावर खुर्ची टाकून बसले. मी जरा वेळ चहा प्यायला आत गेले आणि सर कोणाचा तरी फोन घ्यायला पडवीत आले, तेवढ्यात शेजारच्या लेले काकू पाण्याला आल्या.

पंप बंद, म्हणून त्यांनी हाताला लागला तो दोर ओढला. वर आली बादली, आणि बादलीत डबा. आम्ही धावलो तोपर्यंत काकूंनी एका हाताने दोर धरून दुसऱ्याने झाकण उघडलं होतं. आत नळ्याच नळ्या, त्यात पांढरं पांढरं काहीतरी.

"हे काय हो, जोगळेकर?" काकूंनी विचारलं.

मी मनातल्या मनात म्हणत होते, औषध म्हणा, सॅम्पल म्हणा, काहीही म्हणा! पण सरांना खोटं बोलता येत नाही. घाबरले की तर अजिबातच नाही.

सर म्हणाले, "रोग."

काकूंनी दोर सोडून दिला!

बादली मधेच विहिरीच्या भिंतीतल्या दगडाला अडकली, म्हणून डबा वाचला. दिलावरभाईंनी पोटावर आडवं पडून तो काढला. काकूंची समजूत काढायला मात्र पुढचे कितीतरी दिवस गेले. हा रोग माणसाला होत नाही, नळ्या बंद होत्या, पाण्याला काही लागलेलं नाही, हे सर त्यांना पुन्हा पुन्हा सांगत. काकू सगळं ऐकून घेत आणि शेवटी विचारत, "पण मग विहिरीत का ठेवला होतात?"

*

आणि मग एक दिवस ते झालं.

दोन प्रकार ओळखायचे म्हणजे एका काचेच्या बशीत ओळखीचा पहिला ठेवायचा आणि त्याच्यासमोर नवा नमुना. दोघंही पहिलेच असतील तर मधल्या रेषेवर काही होत नाही. मी मायक्रोस्कोपखाली बशी ठेवली आणि मधल्या रेषेवर गोल, जाड कवचाचे बीजाणू दिसले. एक नाही, रांगच्या रांग.

मी उठले, हात धुतले, पुन्हा बसले. पुन्हा तेच. तेवढ्यात सरांनी पाठमोरं बसून रोजचा प्रश्न विचारला, "दुसरा सापडला का?"

"नाही" म्हणायच्या ऐवजी मी मायक्रोस्कोपसमोरून बाजूला झाले. सरांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सर येऊन बघायला वाकले, आणि कितीतरी वेळ वाकलेलेच राहिले.

"पुन्हा कर," ते म्हणाले. "चूक असेल."

मी पुन्हा केलं. तेच आलं. सर म्हणाले, आधीच्या नमुन्याचा संसर्ग झाला असेल, सगळं नवीन घे. सगळं नवीन घेतलं. त्या दिवसांत सरांनी डबा उघडला तरी पोळी तशीच राहायची. एक दिवस दिलावरभाई म्हणाले, "सर, देवावर सोडा." सर म्हणाले, "सोडलंय हो. रोज प्रार्थना करतोय, की या मुलीला काम येत नाही असं निघू दे!"

पण काम येत होतं. डीएनएचा रिपोर्ट आला. दुसराच होता.

*

तो नमुना होता कांबळे गुरुजींच्या बागेतला. रत्नागिरीपासून आत, डोंगराच्या कुशीत गाव आहे. गुरुजी गावातल्याच शाळेत शिकवून निवृत्त झालेले. बौद्धवाडीच्या कडेला, पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठावर त्यांनी आपल्या हाताने सुपारी लावली होती. जमीन स्वतः विकत घेतलेली. मुलं मुंबईला. गुरुजी सकाळ-संध्याकाळ बागेत. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी आम्हाला प्रत्येक झाड दाखवलं होतं, वर्गातल्या मुलांची ओळख करून द्यावी तसं.

त्या बागेच्या खालून पऱ्या वाहतो आणि पुढे गावच्या जुन्या जमीनदारांच्या, म्हणजे खोतांच्या मोठ्या बागेत जातो. रोग पाण्याबरोबर, चिखलाबरोबर जातो. म्हणजे आत्ताच थांबवला नाही तर सगळ्या खोऱ्याचं काही खरं नव्हतं.

जीपमध्ये सर कागदावर वाक्यं लिहीत होते आणि खोडत होते. पडवीत बाबासाहेबांच्या फोटोखाली आम्ही बसलो. गुरुजींनी स्वतः चहा आणला. सरांनी एका दमात सगळं सांगितलं. नमुना घेतला त्या कोपऱ्यातली झाडं तोडावी लागतील, मुळासकट काढून जाळावी लागतील, तिथलं पाणी पऱ्यात जाऊ द्यायचं नाही. गुरुजी ऐकत होते. मिरीची बाहेरून आणलेली रोपं त्यांनी त्याच कोपऱ्यात लावली होती, रोग त्यांच्याबरोबर आला असणार, हे त्यांनीच आठवून सांगितलं. झाडं तोडायला एका शब्दाने नाही म्हणाले नाहीत. फक्त चष्मा काढून पुसला.

मग सर म्हणाले, "आणि गुरुजी, बागेच्या फाटकाशी, बेड्याजवळ एक टब ठेवू. आम्ही कुठल्याही बागेतून निघताना बूट धुतोच, पण इथे सगळ्यांनीच धुवायला हवेत. तुमच्या बागेतून जो कोणी बाहेर जाईल, त्याने पाय आणि चपला धुतल्याशिवाय जायचं नाही."

गुरुजींनी चष्मा डोळ्यांवर चढवला. सरांकडे बघितलं.

"जोगळेकर साहेब," ते सावकाश म्हणाले, "माझे वडील खोतांच्या बागेचं कुंपण बांधायचे. बाहेरून. आत पाय ठेवायचा नाही. चुकून कोणाला त्यांचा धक्का लागला, तर तो माणूस घरी जाऊन आंघोळ करायचा. आणि आता माझ्याकडून जाताना गावाने पाय धुवायचे?"

सरांनी हातातला कप खाली ठेवला. मी जमिनीकडे बघत होते. इतकी वर्षं सगळ्या गोष्टींची काळजी करणाऱ्या सरांना नेमकी या वाक्याची काळजी करायची सुचली नव्हती. मलाही नव्हती.

"गुरुजी, मी रोगाबद्दल..." सर म्हणायला लागले.

"ते कळलं मला. विज्ञान मीसुद्धा शिकवलंय." गुरुजी थांबले. "आत येताना धुतले तर चालतील?"

"चालतील काय, उत्तमच! बाहेरचा रोग आत यायला नको."

"मग दोन्ही वेळा. येताना आणि जाताना. सगळ्यांनी. माझ्यासकट, तुमच्यासकट."

"मी सगळ्यात आधी," सर म्हणाले, आणि खरोखरच उठून पायरी उतरायला लागले. टब अजून जीपमध्येच होता!

झाडं तोडली, जाळली, पाण्याची वाट वळवली. पुढचा पूर्ण पावसाळा आम्ही खालच्या बागांमधली माती आणून पाकळ्या सोडत होतो. दुसरा तिकडे गेला नाही. अजून तरी नाही. रोज सकाळी लॅबच्या वहीत मी हे वाक्य 'अजून तरी'सकट लिहिते.

पण मला सांगायचंय ते त्या पहिल्या आठवड्यातलं. गुरुजींनी बेड्यावर पाटी लावली होती. शाळेच्या फळ्यावरचं वळणदार अक्षर: 'पाय व चपला धुतल्याशिवाय आत येऊ नये. पाय व चपला धुतल्याशिवाय बाहेर जाऊ नये.' खाली टब, ब्रश, साबण, आणि चपला बुडवायला ब्लीचिंग पावडरचं पाणी.

आम्ही तोडलेल्या झाडांच्या जागेची माती घेत होतो. तेवढ्यात वरच्या रस्त्यावर मोटार थांबल्याचा आवाज आला. खोतांकडचे भाऊ. पन्नाशीचे, उंचेपुरे, गावात शब्दाला मान. मागे चार-पाच माणसं. रोगाची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

"कुठाय तो रोग? मला माझ्या डोळ्यांनी बघायचाय!" लांबूनच आवाज आला. "उद्या माझी बाग गेली तर जबाबदार कोण?"

सरांनी माझा हात धरला. एरवी ते कधी असं करत नाहीत. दिलावरभाई जीपमधून खाली उतरून उभे राहिले. भाऊ तरातरा चालत बेड्यापर्यंत आले आणि थांबले. पाटी वाचली. टबाकडे बघितलं. मग सरांकडे बघितलं. सर एकदम वर बघायला लागले, जणू घड मोजायचे राहिले होते.

बेड्याच्या आत गुरुजी उभे होते. हात पाठीमागे बांधलेले.

मागची माणसं कुजबुजायची थांबली. भाऊंनी एकदा मागे वळून बघितलं. मग खाली वाकले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला काढल्या. ब्रश घेऊन चपला घासल्या, पाण्यात बुडवल्या, बाजूला ठेवल्या. दगडावर टेकून एक पाय धुतला, मग दुसरा. मातीने पाणी लाल झालं. ते उभे राहिले आणि बेडं उघडायला बांबूवर हात ठेवला.

गुरुजी जरासे पुढे झाले. चष्म्यातून खाली बघितलं.

"भाऊ," ते म्हणाले, "टाचा राहिल्या."